मारहाणीवर उपचार कोठे मिळतात? महापालिका रुग्णालयांतील ‘दिलासा’ केंद्रांविषयी

मुंबई महापालिकेच्या काही रुग्णालयांत ‘दिलासा’ या नावाचे विभाग आहेत. घरात मार खाणाऱ्या, सासरच्यांनी छळलेल्या किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना तेथे समुपदेशन, वैद्यकीय मदत आणि कायद्याची माहिती विनामूल्य मिळते. हॉटेलांचे आणि मिक्सरांचे परीक्षण आपण हौसेने लिहितो. अशा सेवेचे मात्र कोणी लिहीत नाही, कारण तेथे जाऊन आलेली बाई ते सांगत नाही आणि न गेलेलीला अशी काही सोय आहे हेच ठाऊक नसते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंबरोबर अशा एका केंद्रात माझे जाणे झाले आणि पुढेही होत राहिले. त्याच काळात नात्यातील एका नोकरदार मुलीला तिच्या कंपनीने देऊ केलेली, मोबाइलवरून चालणारी समुपदेशन सेवाही मला जवळून पाहता आली. दोघींची संमती घेऊन आणि त्यांची ओळख पटेल असे काही न येऊ देता हे लिहीत आहे. दोन्ही सेवा पाहिल्यावर माझे मत झाले ते असे की, अशी सेवा जोखताना खोली किती नीटनेटकी आहे किंवा समुपदेशक किती गोड बोलतात हे दुय्यम मानावे. त्या घरात सत्ता कोणाची चालते हा प्रश्न तेथे विचारला जातो का, आणि तो विचारून झाल्यावर समुपदेशक कोणाच्या बाजूने उभे राहतात, हे आधी पाहावे.

थोडी पार्श्वभूमी देणे भाग आहे. स्त्रीवरील हिंसेची दखल सरकारी यंत्रणेच्या आत शिरून घ्यायची, हा प्रयोग मुंबईत जुना आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या मुख्यालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पोलिसांच्या खात्यात प्रथमच प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. त्यानंतर २००० साली आरोग्यविषयक संशोधन करणारी ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात पहिले ‘दिलासा’ केंद्र उभे केले. कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरे निघाले आणि पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या आधाराने शहरातील आणखी रुग्णालयांत ते पोहोचले. केरळमध्ये ‘भूमिका’ या नावाने सरकारी रुग्णालयांत चालणारी केंद्रेही याच वाटेवरची आहेत.

पोलीस ठाणे असताना रुग्णालय कशाला, असे कोणी विचारील. ठाण्याची पायरी चढणे म्हणजे नवऱ्याशी उघड वैर पत्करणे, आणि तेथून हाती बहुधा एक एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, लागते, जिच्यावर पुढे काही होत नाही. रुग्णालयात जायला मात्र घरात परवानगी मागावी लागत नाही. धाकट्याला डोस द्यायचा आहे, कंबर धरली आहे, ताप उतरत नाही, एवढे कारण पुरते. ज्या बाईला एकटीने बाजारापलीकडे जाण्याची मुभा नाही, तीही केसपेपरच्या रांगेत निर्धास्त उभी राहू शकते. शिवाय मार लागलेले शरीर कधी ना कधी डॉक्टरपुढे येतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले; महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के निघाले. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या मात्र देशभरात जेमतेम १४ टक्के. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बाईला लहानपणापासून शिकवलेले असते. ती मूठ उघडण्याची वेळ आली, तर ती ड्रेसिंगच्या टेबलावरच उघडण्याचा संभव अधिक.

अर्थात तेथे कोणी विचारले तर! आमच्या बाईंना आधी घराजवळच्या एका खासगी दवाखान्यात नेले होते. नवरा शेजारीच उभा होता. डॉक्टरांनी कागदावर ‘पडून झालेली इजा’ असे लिहिले, वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. पडलेल्या माणसाला गुडघ्याला, तळहाताला, कोपराला खरचटते. यांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बाहेरच्या बाजूने काळेनिळे वळ होते, म्हणजे तोंड वाचवायला हात आडवा धरला होता. हे ओळखायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. महापालिकेच्या रुग्णालयात ते ओळखले परिचारिकेने. तिने पट्टी बांधता बांधता, मान वर न करता, अगदी हलक्या आवाजात विचारले, “ताई, घरी कोणी मारतं का?” आणि उत्तराची वाट पाहत पट्टीचे टोक जरा जास्तच वेळ चापून बसवत राहिली. या सेवेचा गाभा मला त्या प्रश्नात दिसला. डॉक्टर आणि परिचारिका यांना असा प्रश्न विचारण्याचे प्रशिक्षण देणे, हे ‘दिलासा’च्या कामाचे समुपदेशनाइतकेच महत्त्वाचे अंग आहे. ज्यांना रुग्णाच्या शब्दाहून स्वतःच्या शब्दाला अधिक वजन असण्याची सवय आहे, अशा माणसांना ऐकायला शिकवायचे, हे काम काही सोपे नव्हे.

केवळ जखमांवरून हे ओळखू येते असेही नाही. बाह्यरुग्ण विभागात बायका येतात त्या डोके भणभणते, छातीत धडधडते, झोप लागत नाही, अंगावरून पांढरे जाते, अशा तक्रारी घेऊन. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या पाहणीत पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरील ताणाशी अधिक घट्ट असल्याचे दिसून आले होते. तरीही अशा बाईला आपल्याकडे बहुधा लोहाच्या किंवा झोपेच्या गोळ्या मिळतात. फिनाईल किंवा उंदराचे औषध ‘चुकून’ प्यायलेली बाई तर कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयाच्या अपघात विभागाला नवी नाही. तिचे पोट धुऊन तिला घरी पाठवताना त्या ‘चुकून’पाशी कोणी थांबते की नाही, यावर तिचे पुढचे आयुष्य अवलंबून असू शकते. पूर्वी गुन्हा दाखल होण्याचे भय असे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरण्याची आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याची तरतूद केली आहे. कायदा बदलला, पण बाजूला बसून विचारणारे माणूस कायद्याने आपोआप निर्माण होत नाही.

आता प्रत्यक्ष केंद्राविषयी. खोली लहान, टेबलावर नोंदवह्या, दोन खुर्च्या, एक पंखा. पण दार बंद होते, आणि सरकारी रुग्णालयात बंद होणारे दार ही चैनच म्हणायची. मी बाईंबरोबर आत शिरू लागले, तेव्हा समुपदेशक बाईंनी मला नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत बाहेर बसायला सांगितले. त्यांनी हो म्हटले तर बोलावते, असेही म्हणाल्या. क्षणभर मला ते लागले, कारण टॅक्सीने घेऊन आलेली मी होते. बाकावर बसल्यावर मात्र त्यातील औचित्य पटले. मी सासू नव्हे की नणंद नव्हे, पण महिन्याचा पगार माझ्या हातून जातो, सुटी मी देते, खाडा झाला तर नाराजीही मीच दाखवते. माझ्यासमोर त्या मोकळ्या बोलल्या नसत्या. नवऱ्याच्या सत्तेबरोबर मालकिणीची सत्ताही ज्या सेवेच्या लक्षात येते, तिला आपले काम कळते असे म्हणायला हरकत नाही.

आत काय झाले ते बाईंनी नंतर स्वतःहून सांगितले. भाजी खारट झाली, उलट बोलले, पोरगी नापास झाली, अशी मार खाण्याची कारणे त्या सांगू लागल्या, तेव्हा समुपदेशक बाईंनी ती सगळी ऐकून घेतली आणि म्हणाल्या की, भाजी खारट झाली असेल, पण हात उचलला तो त्याने. मग प्रश्न आले. कधी गळा दाबला का? जीव घेण्याची धमकी दिली का? मुलांवर हात टाकतो का? तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का? गळा दाबला जाणे हे पुढच्या मोठ्या धोक्याचे लक्षण मानतात, हे मला तेव्हाच कळले. त्यानंतर घरी सुरक्षित राहण्याची आखणी झाली, आणि तीत पुस्तकी असे काही नव्हते. आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि मुलांचे शाळेचे दाखले यांच्या झेरॉक्स शेजारणीकडे ठेवायच्या. वाद पेटला की स्वयंपाकघरात अडकायचे नाही, दाराशी राहायचे. केंद्राचा नंबर मोबाइलमध्ये ब्लाउज शिवणारीच्या नावाने ठेवायचा. मोरीत बादली आपटल्याचा आवाज आला की शेजारणीने पोराला साखर मागायला पाठवायचे. परक्या पोरासमोर मारताना माणूस थबकतो.

या बादलीविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. मारहाण करणारा माणूस आधी बाईला एकटी पाडतो. माहेरचे फोन बंद होतात, शेजारणीशी बोलणे खुपू लागते, पगार काढून घेतला जातो, आणि मग आपल्याला या माणसाखेरीज कोणी नाही असे तिला वाटू लागते. जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीच्या बाबतीत तर हे काम नवऱ्याला करावेही लागत नाही. माहेराने तिला आधीच टाकलेले असते आणि ते नवऱ्याला पक्के ठाऊक असते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी मानसिक आघाताच्या मुळाशी दोन गोष्टी असल्याचे मांडले आहे: हातातील सत्ता हिरावली जाणे आणि माणसांपासून तुटणे. बरे होणेही मग याच दोन अंगांनी होणार, म्हणजे निर्णय तिच्या हातात परत यायला हवेत आणि तुटलेली माणसे जोडली जायला हवीत. बादलीची खूण ठरवताना दोन्ही झाले. खूण बाईंनी स्वतः सुचवली होती, आणि भिंतीपलीकडून वर्षानुवर्षे सारे ऐकून गप्प बसलेली शेजारीण त्यामुळे पहिल्यांदा त्यांच्या बाजूला आली.

आता त्या दुसऱ्या सेवेविषयी, जिचे नाव देण्याचे कारण नाही. आमची ही मुलगी उत्तम पगाराच्या नोकरीत आहे. तिच्या खात्याचा पासवर्ड नवऱ्याकडे, मोबाइलवर कुठे आहेस ते सतत दिसणार, आणि मित्रमैत्रिणींकडे जाण्यावरून रात्र रात्र वाद. हात उचललेला नाही, म्हणून ती याला हिंसा म्हणायला तयार नव्हती. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मात्र शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसेतच धरतो. सेवा दिसायला देखणी, वेळ ठरवणे सोपे, समुपदेशक सुशिक्षित आणि खरोखर मायेने बोलणाऱ्या. त्यांनी तिला श्वासाचे व्यायाम दिले, मनातले लिहून काढायला सांगितले, झोपेचे वेळापत्रक आखून दिले, आणि काही बैठकांनंतर नवऱ्यालाही सत्रात आणावे असे सुचवले. या सगळ्यात पासवर्ड कोणाकडे आहे हे कोणी विचारले नाही. बदलायचे होते ते सारे तिनेच: श्वास तिने नीट घ्यायचा, राग तिने ओळखायचा, बोलताना शब्द तिने जपून वापरायचे. ‘भांड्याला भांडे लागायचेच’ हे आजीचे वाक्य येथे वातानुकूलित खोलीतून इंग्रजीत ऐकू आले, इतकाच काय तो फरक. श्वासाच्या व्यायामाने तिला झोप लागू लागली हे खरे आहे, आणि ते मी कमी लेखत नाही. पण ज्याच्यामुळे झोप उडाली होती, तो जेथल्या तेथे राहिला. शिवाय सेवेचे पैसे कंपनी भरते, तेव्हा रोज बारा तास काम करून घेणाऱ्या कार्यालयाविषयीही तेथे फारसे बोलणे निघत नाही, हे ओघाने आलेच.

व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे १९८० साली अमेरिकी मनोविकारशास्त्राने आघातोत्तर ताणाच्या विकाराला (पीटीएसडी), म्हणजे भयंकर प्रसंगातून गेल्यावर मनावर टिकून राहणाऱ्या परिणामांना, अधिकृत नाव दिले. त्यामागे युद्ध संपले आणि माणूस घरी आला, हे चित्र होते. घरातील हिंसेत ते लागू पडत नाही, कारण तो प्रसंग रोज संध्याकाळी किल्लीने दार उघडून आत येत असतो. अशा बाईच्या भीतीला विकार म्हणणे म्हणजे तिच्या शहाणपणालाच रोग ठरवणे. ‘दिलासा’त तिची भीती खरी मानून पुढची पावले आखली गेली, आणि पैसे भरून मिळणाऱ्या सेवेपेक्षा ही विनामूल्य सेवा मला उजवी वाटली ती याच कारणाने. गोळ्यांची गरज लागली तर मनोविकार विभागाकडे पाठवतातच. पण तेथून सुरुवात करत नाहीत.

संयुक्त बैठकीबाबतही असाच फरक दिसला. आमच्या बाईंना नवरा सोडायचा नव्हता. त्याला कोणीतरी मोठ्या माणसाने समज द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. पांढरपेशा मंडळींना ही मागणी मागासलेली वाटते. ‘मग सोडला का त्याला?’ असे मला आमच्या सोसायटीत किती जणींनी विचारले! दहा बाय दहाची खोली नवऱ्याच्या नावावर, दोन मुले शाळेत, माहेर मराठवाड्यात आणि तेथेही भावजयींचे राज्य, अशा बाईने सोडून जावे कोठे, हे विचारणारीने सांगितले नाही. केंद्राने त्यांच्यावर कोणताच निर्णय लादला नाही. नवऱ्याला बोलावण्याआधी त्यांची तयारी आहे का, नंतर घरी धोका वाढेल का, हे विचारून घेतले. बैठकीत घरखर्च, दारू, मुलांची शाळा या सगळ्यांवर देवाणघेवाण झाली. मारण्यावर झाली नाही. तू थोडे कमी बोल, तो थोडे कमी मारील, असला तोडगा जातपंचायतीपासून महिला मंडळापर्यंत सर्वत्र मिळतो. तो येथे मिळाला नाही. घर कोणाच्याही नावावर असले तरी त्यात राहण्याचा हक्क कायद्याने बाईला दिला आहे, हेही नवऱ्याला तेथेच, टेबलाच्या पलीकडून, शांतपणे ऐकवले गेले. मारहाण त्या दिवसापासून थांबली असे मी लिहिणार नाही, कारण तसे झाले नाही. पुढच्या खेपेस मात्र बाईंनी खारट भाजीचे नाव काढले नाही. त्याने मारले, एवढेच सांगितले, आणि वैद्यकीय नोंदीतही मारणाऱ्याचे नाते लिहून घेतले गेले. कोर्टात गेल्यास हाच कागद उभा राहतो.

उणिवा आहेत, आणि त्यातील बहुतेक त्या खोलीच्या बाहेरच्या आहेत. समुपदेशन कितीही चांगले असले, तरी रात्री निघायचे ठरवले तर बाईने राहायचे कोठे, याचे समाधानकारक उत्तर या शहरात नाही. अनेक आधारगृहांत मोठ्या मुलग्याला आईबरोबर घेत नाहीत, बाहेर कामाला जाण्यावर बंधने असतात, म्हणजे मारापासून सुटण्याची किंमत रोजगार गमावून द्यायची. २००५ च्या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे अनेक ठिकाणी इतर कामांचा भार असतो आणि न्यायालयातील तारखा लांबत जातात. मुंबईबाहेर, तालुक्याच्या गावी, अशी जाणती परिचारिका भेटेलच याची खात्री नाही. २०१५ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून सुरू झालेली, सगळी मदत एका छताखाली देणारी ‘सखी’ वन स्टॉप केंद्रे जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, पण जिल्ह्याचे ठिकाण गाठायला एसटीचे भाडे आणि घरी सांगायला निमित्त, दोन्ही लागतात. आणखी एक गोष्ट मला खटकते. हे सारे काम ज्या समुपदेशक बायकांच्या जिवावर चालते, त्यांच्या नेमणुका अशा योजनांत बहुधा कंत्राटी असतात. दुसऱ्या बाईला तिच्या हक्काचे भान देणारीला स्वतःच्या नोकरीचा भरवसा नसावा, हा विरोधाभास आरोग्य खात्याला अजून बोचत नाही.

कोणाला जायचे किंवा कोणाला न्यायचे असेल, त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. आधी पोलिसांकडे तक्रार केलेली असण्याची गरज नाही, आणि उपचारासाठी पैसे वा पुरावा मागितला जात नाही. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर प्रत्येक रुग्णालयाने, ते खासगी असले तरी, तातडीने आणि विनामूल्य उपचार देणे कायद्याने बंधनकारक आहे. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत जाणे सोयीचे. गर्दीत कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. खोली सापडली नाही तर कोणत्याही परिचारिकेला विचारावे. बाहेर पडणेच शक्य नसेल, तर १८१ हा महिला मदत क्रमांक आहे, आणि जीव नकोसा झाला असेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. बरोबर जाणाऱ्याने बोलावल्याखेरीज आत जाऊ नये, आणि बाई बाहेर आल्यावर काय बोलणे झाले हे विचारू नये. केसपेपर घरी नेणे धोक्याचे वाटत असेल, तर त्याची प्रत आपल्याकडे ठेवून घ्यावी. आमच्या बाईंचा कागद आमच्या गॅसच्या पुस्तकात आहे.